समजून घ्या : दादरच्या पाट्यांवरचा ‘सायरस’ नेमका कोण होता?

दादर पारशी कॉलनीतून फाइव्ह गार्डन्सकडे चालत गेलं की इमारतींच्या पाट्यांवर जमशेद, रुस्तम, खुशरू, सोहराब अशी नावं भेटतात. त्यातच एखादा सायरस असतो. मुंबईकराला हे नाव इतकं सवयीचं झालंय की ते मूळचं कुणाचं, हा प्रश्नही पडत नाही.

प्रश्न पडतो तो व्हॉट्सअॅपवर तो मेसेज आला की. मातीच्या एका लांबट गोळ्याचा फोटो आणि खाली मजकूर : इराणचा सम्राट सायरस द ग्रेट याने अडीच हजार वर्षांपूर्वी जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला, गुलामगिरी बंद केली, प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. फोटोतली वस्तू खरी आहे. तिला सायरस सिलिंडर म्हणतात. डिसेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या काळात ती काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुक्कामालाही होती. मजकुराचं मात्र तसं नाही. त्यात थोडं खरं आहे, बरंच ताणलेलं आहे आणि काही चक्क खोटं आहे.

मग खरा सायरस कोण? त्याने एवढं मोठं राज्य उभं केलं कसं? आणि मुंबईचा त्याच्याशी संबंध काय?

जन्माची गोष्ट ऐकल्यासारखी का वाटते?

सायरसचं मूळ नाव कुरुश. इराणच्या नैऋत्येला, आजच्या फार्स प्रांतात, अनशान नावाचं एक छोटं राज्य होतं. तिथल्या राजघराण्यात तो जन्मला. वडील कंबुजिय, आजोबांचं नावही कुरुशच. इ.स.पू. ५५९च्या सुमारास तो गादीवर आला. तेव्हा आसपास बडी राज्यं होती : उत्तरेला मीडिया, पश्चिमेला आजच्या तुर्कस्तानात लिडिया, आजच्या इराकमध्ये बॅबिलोन आणि त्यापलीकडे इजिप्त. अनशान त्यांच्यापुढे किरकोळ.

त्याच्या बालपणाची सर्वांत गाजलेली गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितली. ती अशी : मीडियाचा राजा अस्त्यागस याला स्वप्न पडलं की आपल्या मुलीच्या पोटी येणारं मूल आपलं राज्य घेणार. त्याने बाळाला मारण्याचं काम हार्पागस नावाच्या सरदारावर सोपवलं. सरदाराने ते एका गुराख्याकडे ढकललं. गुराख्याच्या बायकोला त्याच वेळी मेलेलं मूल झालं होतं. बाळांची अदलाबदल झाली आणि राजाचा नातू गुराख्याच्या घरी वाढला. पुढे पोरांच्या खेळात तो राजा झाला, त्याने एका सरदाराच्या मुलाला शिक्षा केली आणि बिंग फुटलं.

भाकीत, घाबरलेला राजा, बाळांची अदलाबदल, गुराख्याचं घर. देवकी, कंस आणि गोकुळ आठवलं ना? मेसोपोटेमियात सारगॉन राजाची, ज्यूंमध्ये मोझेसची अशीच गोष्ट आहे. गादी हिसकावून घेणाऱ्याला जन्मापासूनच नियतीने निवडलं होतं, हे सांगण्याची ही जुनी पद्धत. गंमत म्हणजे सायरसच्या अशा आणखी गोष्टी आपल्या कानावर आल्या होत्या, हे हिरोडोटस स्वतःच कबूल करतो. म्हणजे सायरसच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांतच खरा माणूस दंतकथांखाली झाकला गेला होता.

सुदैवाने बॅबिलोनमध्ये राजांच्या कारकिर्दीची वर्षवार नोंद मातीच्या पाट्यांवर ठेवली जायची. अशीच एक नोंद बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याच्या काळाची आहे. ती कोरडी आहे, त्रोटक आहे, अधेमधे तुटलेली आहे. पण हिरोडोटसच्या रंगीत गोष्टींपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

उंट, शिरस्त्राण आणि हिवाळ्याची सुट्टी

या नोंदीनुसार इ.स.पू. ५५०मध्ये अस्त्यागस सायरसवर चालून गेला, पण त्याचंच सैन्य उलटलं. सैनिकांनी आपल्या राजाला पकडून सायरसच्या हवाली केलं. सायरसने मीडियाची राजधानी एकबताना, म्हणजे आजचं हमदान, ताब्यात घेतली आणि तिथलं सोनं-चांदी अनशानला नेलं. ग्रीक लेखकांच्या म्हणण्यानुसार अस्त्यागसला त्याने जिवंत ठेवलं. मीडियाचे सरदार आणि सेनापतीही त्याने आपल्या सेवेत घेतले. ज्या हार्पागसने म्हणे त्याला बाळपणी मारायचं होतं, तोच पुढे त्याचा मोठा सेनापती झाला.

त्यानंतर पाळी लिडियाची. तिथला राजा क्रीसस इतका श्रीमंत की इंग्रजीत आजही अतिश्रीमंत माणसाला त्याची उपमा देतात. सोन्या-चांदीची सुरुवातीची नाणी पाडणाऱ्या राज्यांत लिडियाचं नाव अग्रभागी आहे. सायरसशी लढावं का, असं क्रीससने डेल्फीच्या देवळात विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की तू नदी ओलांडलीस तर एक मोठं साम्राज्य बुडेल. कुठलं, ते काही त्याने विचारलं नाही.

या युद्धात सायरसची खरी चमक दिसते. पहिली लढाई बरोबरीत सुटली. हिवाळा आला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे क्रीसस राजधानी सार्डिसला परतला, भाडोत्री सैनिकांना घरी पाठवलं आणि वसंतात पुन्हा जमू असं ठरवलं. सायरस परतला नाही, मागोमाग आला. सार्डिसच्या मैदानात त्याने सामान वाहणारे उंट पुढे उभे केले. त्या वासाने लिडियाचे घोडे बिथरले आणि त्यांचं नावाजलेलं घोडदळ निकामी झालं. १४ दिवसांच्या वेढ्यानंतर किल्लाही पडला. किल्ल्याची एक बाजू इतकी उभी होती की तिथे पहारा नसायचा. लिडियाचा एक सैनिक पडलेलं शिरस्त्राण आणायला त्याच बाजूने उतरला आणि परत चढला. खालून हे पाहणाऱ्या इराणी सैनिकाला वाट सापडली. कोंडाण्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. हे सगळं इ.स.पू. ५४६च्या सुमाराचं.

इथेच सायरसची चूकही झाली. लिडियाचा खजिना त्याने पॅक्टियस नावाच्या स्थानिक माणसाकडे सोपवला. सायरस पाठमोरा होताच पॅक्टियसने त्याच पैशातून सैन्य उभं करून बंड केलं. ते मोडून काढताना त्याच्या सेनापतींनी दया दाखवली नाही. प्रिएने या शहरातले लोक गुलाम म्हणून विकले गेले. सायरसला संत बनवणाऱ्या लेखांतून ही घटना बहुधा गाळली जाते.

बॅबिलोन : त्या काळची सगळ्यात मोठी बाजी

इ.स.पू. ५३९. बॅबिलोन म्हणजे त्या जगातलं सर्वांत दिमाखदार शहर. दुहेरी तटबंदी, युफ्रेटिस नदी, मार्दुक देवाचं एसागिला हे मंदिर. पण घरात कुरबुर होती. राजा नबोनिदस चंद्रदेव सिन याचा भक्त होता. दहाएक वर्षं तो राजधानी सोडून अरबस्तानातल्या तायमा या ठिकाणी राहिला. राजाच नसल्यामुळे नववर्षाचा अकितू उत्सव वर्षानुवर्षं झाला नाही. या उत्सवात राजाने मार्दुकाचा हात धरायचा असतो, तेव्हाच वर्ष सुरू होतं, अशी श्रद्धा. लालबागमध्ये सलग दहा वर्षं गणपती बसलाच नाही तर काय वातावरण असेल, याची कल्पना करा. पुरोहित आणि नागरिक दोघेही राजावर नाराज होते.

सायरसचं सैन्य टायग्रिसकाठी ओपिस इथे भिडलं. नोंद सांगते की तिथे लूट आणि कत्तल झाली. मारले गेले ते फक्त सैनिक की नागरिकही, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण रक्त सांडलं, यावर नाही. त्यानंतर सिप्पार शहर न लढता पडलं आणि १२ ऑक्टोबरला सायरसचा सरदार उगबारू याच्या नेतृत्वाखाली फौज बॅबिलोनमध्ये शिरली, तीही न लढता. सायरस स्वतः २९ ऑक्टोबरला आला. त्याच्या वाटेवर हिरव्या फांद्या अंथरल्याची नोंद आहे.

हिरोडोटस मात्र इथे एक भन्नाट किस्सा सांगतो. सायरसने म्हणे युफ्रेटिसचा प्रवाह वळवला आणि पाणी मांडीपर्यंत उतरल्यावर सैनिक नदीच्या पात्रातून शहरात घुसले. इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला हा किस्सा फार आवडतो, मलाही. पण बॅबिलोनच्या नोंदीत त्याचा उल्लेख नाही, आणि ऑक्टोबरमध्ये युफ्रेटिस तशीही सर्वांत उथळ असते. दरवाजे आतून उघडले जात असतील तर एवढं खोदकाम करायचं कशाला?

खरी कमाल पुढच्या काही महिन्यांतली आहे. युद्धाआधी नबोनिदसने आसपासच्या शहरांतल्या देवमूर्ती बॅबिलोनमध्ये आणून ठेवल्या होत्या. संरक्षणासाठी असेल, पण त्या शहरांना ते देव पळवल्यासारखंच वाटलं. सायरसने त्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या गावी परत पाठवल्या. नोंदीत या परतपाठवणीचे महिनेही दिले आहेत. गावात जिंकणाऱ्याचं सैन्य येतं ते सहसा देव न्यायला. इथे देव परत येत होते.

सिलिंडरवर नेमकं काय लिहिलंय?

आता त्या फोटोतल्या वस्तूकडे येऊ. आकार साधारण पखवाजासारखा, मध्ये फुगीर. लांबी जेमतेम २२-२३ सेंटिमीटर, म्हणजे हातात मावेल एवढा. भाजलेली माती. त्यावर अक्कडियन भाषेत कीलाकार, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत ४५ ओळी. मार्च १८७९मध्ये ब्रिटिश म्युझियमसाठी खोदकाम करणाऱ्या होर्मुझ्द रस्साम यांच्या माणसांना तो बॅबिलोनच्या अवशेषांत मिळाला. तो पूर्ण नाही. हरवलेल्या भागातला एक तुकडा पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात ओळखला गेला.

मजकुराचा सारांश असा. नबोनिदस वाईट राजा होता, त्याने पूजाअर्चा बिघडवली, लोकांवर जाच केला. मार्दुक देव रागावला, सगळ्या देशांत योग्य राजा शोधू लागला आणि त्याने सायरसचा हात धरला. सायरस शांततेने शहरात आला, लोकांवरचं ओझं उतरवलं, देवांना आणि विस्थापित लोकांना त्यांच्या जागी परत पाठवलं. मग मार्दुकाच्या नैवेद्यात रोज एक हंस, दोन बदकं आणि दहा पारवे यांची भर घातल्याचा हिशेब आहे. तटबंदीची दुरुस्ती आहे. शेवटी अश्शूरचा जुना राजा अशुरबनिपाल याचा लेख दुरुस्तीच्या कामात सापडल्याचंही नमूद आहे.

यात मानवी हक्क कुठे आहेत? त्या अर्थाने नाहीत. इमारतीच्या पायात असे लेख पुरण्याची बॅबिलोनची जुनीच पद्धत होती. आधीचा राजा नालायक, देवाने मला निवडलं, मी दुरुस्ती केली : हा साचाही जुना. सायरस, किंवा त्याच्या वतीने लिहिणारे मार्दुकाचे पुरोहित, तोच साचा वापरत होते. नव्या सरकारचं हे पहिलं प्रसिद्धीपत्रक म्हणा. त्यातला नबोनिदस जेवढा वाईट दिसतो, तेवढा तो असेलच असं नाही. इतिहास लिहिणारे जिंकणाऱ्याच्या पगारावर होते.

हे फक्त पुरण्यासाठी लिहिलेलं नव्हतं, हे मात्र आता कळलंय. ब्रिटिश म्युझियमच्याच साठ्यात पडून असलेल्या मातीच्या पाटीच्या दोन तुकड्यांवर हाच मजकूर असल्याचं २००९-१०च्या सुमारास लक्षात आलं. म्हणजे त्याच्या प्रती काढल्या गेल्या होत्या, तो लोकांपर्यंत पोहोचवला जात होता.

गुलामगिरी बंद केल्याचा दावा तर सिलिंडरवर कुठेच नाही. इंटरनेटवर एक बनावट भाषांतर फिरतं, त्यात ही वाक्यं घुसडलेली आहेत. ते इतकं पसरलं की इराणच्या मानवी हक्क कार्यकर्त्या शिरीन इबादी यांच्या २००३च्या नोबेल भाषणातही त्यातल्या एका दाव्याची छाया दिसते. प्रत्यक्षात बॅबिलोनमध्ये सायरसच्या काळात गुलामांच्या खरेदी-विक्रीचे करार सुरूच होते. ते करार आपल्या हातात आहेत.

दुकान बंद न करता मालक बदलला

सायरसच्या राज्यकारभाराचा सगळ्यात बोलका पुरावा अशा करारांतच आहे, असं मला वाटतं.

बॅबिलोनमध्ये एगिबी नावाचं व्यापारी घराणं होतं. आपल्याकडच्या सावकारी पेढीसारखं. जमिनी, कर्जं, खजूर, कांदे, घरभाडं, गुलाम, सगळ्यांत त्यांचा व्यवहार. त्यांच्या शेकडो पाट्या सापडल्या आहेत. प्रत्येक पाटीवर राजाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. इ.स.पू. ५३९च्या शरदात पाट्यांवरून नबोनिदसचं नाव जातं आणि सायरसचं येतं. एवढंच. पेढी तीच, भाषा तीच, देणेकरी तेच. जगातलं सर्वांत मोठं शहर परक्याने जिंकलं आणि पेढीच्या हिशेबात फक्त वरची ओळ बदलली.

हे आपोआप होत नाही. त्यासाठी कोषागारातले कारकून, मंदिराचे व्यवस्थापक, शहराचे अधिकारी जागेवर ठेवावे लागतात. सायरसने बरेचसे ठेवले. सुरुवातीला मुलगा कंबुजिय याला वर्षभर बॅबिलोनचा राजा म्हणवू दिलं, म्हणजे शहराला आपला स्वतंत्र राजा आहे असं वाटावं. काही वर्षांनी बॅबिलोन आणि युफ्रेटिसपलीकडचा प्रदेश मिळून गुबारू नावाचा एक सुभेदार नेमला.

हा सुभेदार म्हणजे जुन्या इराणी भाषेतला क्षत्रपावन, राज्याचा रक्षक. ग्रीकांनी त्याचं सॅट्रप केलं. आणि आपल्याकडे तोच शब्द शकांबरोबर क्षत्रप होऊन आला. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवून त्याच्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. १९०६मध्ये नाशिकजवळच्या जोगलथेंबीला १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यात अशी नाणी होती. शाळेच्या पुस्तकातला आपला क्षत्रप हा सायरसच्या दप्तरातून निघालेला शब्द आहे. ही व्यवस्था पक्की बसवली ती मात्र नंतरच्या दारयवुशने, म्हणजे डरायसने.

ज्यूंना तो कोरेश म्हणून का आठवतो?

नबोनिदसच्या आधी होऊन गेलेला राजा नेबुखदनेझर याने इ.स.पू. ५८७-८६च्या सुमारास जेरुसलेमचं मंदिर पाडलं होतं आणि तिथल्या लोकांना बॅबिलोनला नेलं होतं. सायरसने त्यांना परत जाऊ दिलं आणि मंदिर बांधायची परवानगी दिली, असं ज्यूंच्या धर्मग्रंथांत आहे. सिलिंडरवर ज्यूंचं नाव नाही. पण विस्थापितांना परत पाठवण्याचं जे धोरण त्यावर दिसतं, त्यात ही गोष्ट बसते. मंदिर पूर्ण झालं ते इ.स.पू. ५१५च्या आसपास, डरायसच्या काळात.

यशयाच्या ग्रंथात सायरसला देवाचा अभिषिक्त म्हटलंय. ज्यू नसलेल्या दुसऱ्या कुणालाही हा मान मिळालेला नाही. गंमत पाहा : बॅबिलोनचे पुरोहित म्हणत होते की त्याला मार्दुकाने निवडलं, ज्यू म्हणत होते की त्याला त्यांच्या देवाने निवडलं. सायरसने दोघांनाही बहुधा हो म्हटलं असेल.

मराठी बायबलमध्ये तो कोरेश आहे. कोकणातून मुंबईत आलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायली हीच कथा वाचत आले. मांडवीतलं त्यांचं शार हारहमीम सिनेगॉग १७९६चं. म्हणजे पारश्यांच्या पाट्यांवर सायरस हे नाव रुळण्याच्या कितीतरी आधी मुंबईत त्याची आठवण दुसऱ्याच एका समाजाकडे होती.

मग इराण त्याला कसं विसरलं?

सायरस इ.स.पू. ५३०मध्ये मेला, बहुधा मध्य आशियातल्या मोहिमेवर. हिरोडोटसच्या कथेत मसागेटी टोळ्यांची राणी तोमिरिस आपल्या मुलाच्या मृत्यूचा सूड घेते आणि सायरसचं मुंडकं रक्ताने भरलेल्या कातड्याच्या पिशवीत बुडवते. दुसरा ग्रीक लेखक झेनोफन त्याला अंथरुणात, मुलांना उपदेश करत शांतपणे मरताना दाखवतो. झेनोफनचं पुस्तक म्हणजे जवळजवळ कादंबरीच. पण उत्तम राज्यकर्ता कसा असावा, याचा धडा म्हणून युरोपात ते शतकानुशतकं वाचलं गेलं. मॅकियाव्हेलीने वाचलं, अमेरिकेचे थॉमस जेफरसन यांच्याकडेही त्याच्या प्रती होत्या.

त्याची कबर आजच्या शिराझ शहराच्या ईशान्येला पसरगदाला आहे. सहा पायऱ्यांचा दगडी चौथरा, वर उतरत्या छपराची छोटी खोली. भोवती त्याने पाटाच्या पाण्याची बाग केली होती. कुंपणातल्या बागेला जुन्या इराणी भाषेत जो शब्द होता, त्यातूनच इंग्रजीत पॅरडाइज आणि फारसीत फिरदौस आले. इ.स.पू. ३२४मध्ये सिकंदर तिथे गेला तेव्हा कबर लुटलेली होती. त्याने ती दुरुस्त करवून घेतली.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं. तोवर सायरसला जाऊन हजाराहून अधिक वर्षं झाली होती आणि लोकांच्या आठवणीतून तो गेला होता. त्याच्या कबरीला गावकरी सुलेमानच्या आईची कबर म्हणू लागले. इ.स. १०१०च्या सुमारास फिरदौसीने शाहनामा पूर्ण केला, त्यात जमशेद आहे, रुस्तम आहे, सोहराब आहे. सायरस या नावाचा राजा नाही. दादर पारशी कॉलनीत फिरदौसी रोड आहे, जामे जमशेद रोडही आहे. पारश्यांनी संजाणच्या किनाऱ्यावर उतरताना सोबत आणलेला इतिहास हा शाहनाम्याच्या परंपरेचा होता. त्यात सायरस नव्हता.

तो परत आला एकोणिसाव्या शतकात, आणि त्या वाटेवर मुंबई लागते. हेन्री रॉलिन्सन हा १७ वर्षांचा इंग्रज पोरगा १८२७मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात भरती व्हायला निघाला. त्याच जहाजावर मुंबईचे होऊ घातलेले गव्हर्नर जॉन माल्कम होते. त्यांनी इराणचा इतिहास लिहिला होता. त्यांचा पुतळा आजही फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये उभा आहे. प्रवासात रॉलिन्सनला इराणचं वेड लागलं. पुढे कंपनीने त्याला इराणला पाठवलं, तेव्हा त्याने बेहिस्तूनच्या कड्यावर चढून डरायसच्या तीन भाषांतल्या शिलालेखाची नक्कल केली आणि कीलाकार लिपीचं कुलूप उघडणाऱ्यांत तो अग्रभागी राहिला. कुरुश हे नाव दगडावर पुन्हा वाचता येऊ लागलं.

ग्रीक पुस्तकं, इंग्रजी शाळा आणि नव्याने वाचलेले शिलालेख यांतून पारशी समाजाला आपला हा पूर्वज सापडला. खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारख्या अभ्यासकांनी युरोपातलं संशोधन मुंबईत आणलं. त्यांच्या नावाची संस्था १९१६पासून फोर्टात आहे. फोर्टमधल्या मानेकजी सेठ अग्यारीच्या दारावरचे पंखवाले बैल याच सापडलेल्या वारशाची खूण. ते सायरसच्या वारसदारांच्या राजधानीतून, पर्सेपोलिसमधून आलेत. नावाचा प्रवासही मजेशीर आहे. जुन्या फारसीत कुरुश, ग्रीकमध्ये कूरोस, लॅटिनमध्ये कायरस, इंग्रजी उच्चारात सायरस. इराणमध्ये आज हेच नाव कूरोश आहे. दादरच्या पाटीवरचं इराणी सम्राटाचं नाव हे मुळात इंग्रजी वर्गातून आलेलं आहे.

तो पारश्यांच्याच धर्माचा होता का? सिलिंडरवर तो मार्दुकाचा भक्त आहे. अहुरमझ्दाचं नाव दगडावर ठळकपणे येतं ते डरायसच्या लेखांत. सायरसच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल ठाम सांगणारा एकही लेख सापडलेला नाही.

आज त्याच्यावरून भांडण का?

इराणच्या शाहने ऑक्टोबर १९७१मध्ये राजेशाहीची २,५०० वर्षं साजरी केली. समारंभाची सुरुवात सायरसच्या कबरीपुढे झाली, सिलिंडर हे त्याचं बोधचिन्ह होतं, त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली गेली. पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा ही ओळख तेव्हाच जगभर गेली. १९७६मध्ये शाहने कॅलेंडरच बदललं. वर्षं हिजरीऐवजी सायरसच्या राज्यारोहणापासून मोजायची, म्हणून १३५५ साल एका फटक्यात २५३५ झालं. लोक इतके संतापले की दोन वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. स्वतःच्या तुरुंगात विरोधकांना डांबणारा राजा सायरसच्या सहिष्णुतेचं प्रदर्शन मांडत होता. त्यानंतर १९७९ची क्रांती झाली.

क्रांतीनंतरच्या सरकारला इस्लामपूर्व राजा फारसा रुचत नाही. तरी २०१०मध्ये सिलिंडर काही महिन्यांसाठी तेहरानला गेला तेव्हा लोकांची रीघ लागली. २९ ऑक्टोबर, म्हणजे सायरस बॅबिलोनमध्ये आला तो दिवस, अनेक इराणी लोक अनधिकृतपणे कूरोश दिन म्हणून पाळतात. २०१६मध्ये त्या सुमारास हजारो लोक पसरगदाला जमले, घोषणा झाल्या, अटका झाल्या. त्यानंतरच्या वर्षांत ऑक्टोबरअखेर तिथे जाणारे रस्ते बंद ठेवण्यात आले.

तो व्हॉट्सअॅप मेसेज दर वर्षी नेमका त्याच आठवड्यात फिरायला लागतो.